भुसावळपलीकडच्या मळ्यातली भरीत पार्टी: साठी ओलांडलेल्या वर्गाला कितपत झेपते?

मळ्याचं नाव इथे मिळणार नाही, हे आधीच सांगून टाकते. मालकानेच हात जोडले. "ताई, खुशाल लिहा, पण नाव टाकू नका. घरची सहा माणसं आहोत, दिवसाला एकच पार्टी घेतो. मागच्या हिवाळ्यात कोणीतरी व्हिडिओ टाकला, तर लोकं न सांगता गाड्या भरभरून आले. वांगी पुरेनात, आणि बोलणी खाल्ली आम्ही." त्यामुळे एवढंच लिहिते: भुसावळहून तापी ओलांडून फैजपूरच्या रस्त्याला लागलं की बामणोदच्या पट्ट्यात असे पाच-सहा मळे आहेत. थंडीत कोणत्याही चहाच्या टपरीवर भरीत पार्टीचं (म्हणजे मळ्यातच वांगी भाजून, भरीत करून जेवायचं, त्याचं) विचारा, दोन-तीन नंबर हातात पडतात. त्यातलाच हा एक.

पुढचं वाचायचं तर आम्ही कोण ते माहीत हवं. कारण पंचविशीतली पोरं याच मळ्याला पाचपैकी पाच तारे देतील आणि सत्तरीतली माणसं दोन.

अमळनेरच्या प्रताप कॉलेजची १९८४ ची बी.एस्सी. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० चं, म्हणजे आमच्या पदवीवर शिक्का पुणे विद्यापीठाचाच. वर्गात एकसष्ट जण. हजेरीत आधी सगळी मुलं, मग मुली, पंचेचाळीस ते एकसष्ट. मी बावन्न. पुढे धुळ्याला शाळेत तेहेतीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि निवृत्त झाले.

आमच्या पोरांनी (पोरं म्हणजे आता सगळे साठीचे) २०१६ मध्ये व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. वर्षभरात त्यात अडतीस पुरुष जमले आणि बायका दोन. एक मी, दुसरी आमच्याच वर्गातल्याशी लग्न केलेली. पोरं म्हणायची, मुली सापडत नाहीत. कशा सापडतील? आडनाव गेलं, बापाचं नाव जाऊन नवऱ्याचं आलं, आणि काही जणींचं तर तांदळाच्या ताटात पहिलं नावही पुसलं गेलं. फेसबुकवर टाइप करणार तरी काय? त्यांच्यापुरत्या आम्ही लग्नाच्या दिवशीच वारलो होतो.

मी वेगळ्या वाटेने गेले. खान्देशात माणूस शोधायचा तर सोयरिकीतून शोधावा. तिसऱ्या वर्षाच्या ग्रुप फोटोमागे सगळ्यांची माहेरची नावं लिहिलेली होती. ती घेऊन बसले आणि लग्नकार्यात, दहाव्याला, एसटी स्टँडवर, जिथे माणूस भेटेल तिथे विचारत सुटले. अमक्या गावच्या तमक्या घरातली मुलगी कुठे दिली? चोपड्याला एका भांड्यांच्या दुकानात सत्तावन्न नंबरवालीचा भाऊ सापडला. त्याने माझ्यासमोरच बहिणीला फोन लावून माझ्या हातात दिला. मी नाव सांगितलं, पलीकडे काही उजेड पडेना. सासरचं सांगितलं, मग माहेरचं. शेवटी म्हटलं, "अगं, रोल नंबर बावन्न." त्यावर ती म्हणाली, "ब्युरेट फोडणारी?"

ब्युरेट म्हणजे लॅबमधली काचेची मापनळी. फोडली मी होती आणि भरपाई तिघींनी मिळून दिली होती, हे तिला चाळीस वर्षं लक्षात होतं.

अशा करत मी धरून अकरा जणी झालो. दोघी गेल्याचं कळलं, त्यातली एक तर २००९ मध्येच. चौघींचा अजून पत्ता नाही. नावांचा घोळ टाळायला मी फोनमध्ये सगळ्यांचे नंबर रोल नंबरनेच ठेवलेत, आणि इथेही तसंच लिहिते. त्यांची नावं छापायला त्यांची परवानगी कोण आणणार?

आता मळा. तारीख ठरवायला ग्रुपवर पोल टाकला. भरिताची खरी वांगी थंडीतच मिळतात आणि संक्रांतीला लेकी-सुना घरी येतात, म्हणून ११ जानेवारी २०२५ चा शनिवार पडला. माणशी ₹३५०, आगाऊ ₹३०००, चौतीस जण. किलोला तीन माणसं हा मालकाचा हिशोब, म्हणून बारा किलो वांगी. पैसे शेवटी रोखीनेच द्यावे लागले, कारण मळ्यात रेंज नाही. रेंजचं पुढे सांगते.

आम्ही अमळनेरकडच्या पाच जणी एसटीने गेलो. २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे गाडी करायचा विषयच निघाला नाही. चोपडा, यावल, फैजपूर. डाव्या हाताला सातपुडा, उजवीकडे केळीच केळी. पुण्या-नाशिकची मंडळी रेल्वेने भुसावळला उतरली, त्यांना आणायला मालकाने स्वतःची पिकअप पाठवली. त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. पण पिकअप म्हणजे मागे सतरंजी टाकलेली पिकअप! गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या सव्वीस नंबरला दोघांनी धरून वर चढवलं आणि त्याने भुसावळ ते मळा एवढ्या वाटेत देवाचं नाव चौदा वेळा घेतलं म्हणे.

पोचल्यावर चहा आणि शेव-मुरमुरे. चहा आल्याचा, गोड, कपात नाही तर पेल्यात. शेकोटी पेटलेली. एका कोपऱ्यात वांग्यांचा ढीग. ज्यांनी फक्त शहरातलं जांभळं वांगं पाहिलंय त्यांच्यासाठी सांगते: हे वांगं पोपटी-हिरवं, लांबट, हातभर नाही पण वीतभर तरी, सालीला पातळ आणि आत बी अगदी कमी. २०१६ साली या जळगावच्या भरीत वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं. इथल्या केळीलाही त्याच साली. मालकाला हे विचारलं तर म्हणाला, "मिळालं ना. भाव कुठे वाढला?"

वांगी भाजतात पऱ्हाटीवर. कापूस वेचून झाल्यावर शेतात उरलेल्या वाळक्या काड्या म्हणजे पऱ्हाटी. तिचा जाळ भडकतो आणि लगेच बसतो, त्यामुळे वांगं आतून शिजतं, बाहेरून राख होत नाही. गॅसवर भाजलेल्या वांग्याला धुराचा तो वास येतच नाही. मी धुळ्यात फ्लॅटच्या गॅलरीत एकदा प्रयत्न केला होता, तर खालच्या मजल्यावरचे बादली घेऊन वर आले.

आणि इथे या मळ्याची जी गोष्ट मला सगळ्यात आवडली ती आली. मालकाची आई, सत्तरीची, नऊवारीतली, सगळ्यांकडे एक नजर टाकून म्हणाली, "बसेल काय ऱ्हायनात? सोलाले या." बारा किलो वांगी सोलायला घरची माणसं पुरत नाहीत, हा त्यांचा रोकडा व्यवहार. आम्हाला मात्र त्याचा भलताच उपयोग झाला.

कारण खरं सांगू? आमचा 'संपर्क तुटला' वगैरे जे म्हणतात ना, ते आम्हा मुलींच्या बाबतीत खोटं आहे. तुटायला आधी जुळलेला हवा. तीन वर्षं एका वर्गात बसलो, पण मुलांशी बोललो नाही. बाके वेगळी, जिना वेगळ्या बाजूने चढायचा, नोट्स हव्या असल्या तर कोणाच्या तरी धाकट्या भावाकरवी. प्रॅक्टिकलला बाजूच्या टेबलावरच्या मुलाने "जरा ॲसिड द्या" म्हटलं की दुपारपर्यंत होस्टेलभर चर्चा. चाळीस वर्षांनी त्याच माणसासमोर खुर्ची टाकून बसवलं, तर बोलायचं काय? आम्ही २०१९ मध्ये जळगावला एका एसी हॉलमध्ये भेटलो होतो, तेव्हा हेच झालं. फेटे बांधले, शाल-श्रीफळ झालं, निवेदक भाड्याने आणलेला, त्याला आमच्यातलं कोणीच माहीत नाही. एकेकाने माईकवर आपली पोरं कुठे सेटल आहेत ते सांगितलं. पुरुष डावीकडे, बायका उजवीकडे, जणू हजेरीच. पनीरची भाजी खाऊन घरी आले आणि आमच्या ह्यांनी विचारलं, "कोण कोण भेटलं?" तर मला धड चार नावं सांगता येईनात.

इथे सोलायला बसलो परातीभोवती. एका परातीला पाच-सहा जण, बसेल तिथे बसलेले. वांगं हाताला चटके देतं, साल नखात जाते, देठ धरून ओढलं तर गर सगळा खाली. पहिली दहा मिनिटं "तुम्ही घ्या हे", "नको, तुमचं होऊ द्या" असं चाललं. मग माझ्या समोरचा एकोणीस नंबर, वीज मंडळातून निवृत्त, ओरडला, "अगं देठ सोड ना, सगळं राखेत पाडशील!" एक क्षण सगळे गप्प. त्याच्याही लक्षात आलं की आयुष्यात पहिल्यांदा वर्गातल्या मुलीला 'अगं' म्हटलं. मी म्हटलं, "मग तूच धर." झालं. त्यानंतर त्या परातीला 'तुम्ही' परत आलं नाही.

शेजारी सत्तावन्न बसली होती. तिला पाहून बाकीच्यांना काही आठवत नव्हतं. केस पिकलेले, चष्मा जाड, आवाज बसलेला. ती न बोलता जाळातून काढलेलं वांगं थेट हातात घ्यायची, फुंकर नाही, पाणी नाही, दोन बोटांनी साल उतरवून बाजूला. पलीकडच्या परातीवरून सात नंबर बघत होता. म्हणाला, "ही ती. क्रुसिबल चिमट्याशिवाय उचलायची ती." क्रुसिबल म्हणजे लॅबमधली तापवायची मूस. सरांनी तिला त्यावरून सगळ्या वर्गासमोर झापलं होतं, ते मग सगळ्यांना आठवलं. ती हसली आणि आपले दोन्ही हात उताणे करून दाखवले. अंगठ्यावर एक जुना डाग होता. "हा केमिस्ट्रीचा. बाकीचे चाळीस वर्षांच्या पोळ्यांचे."

सोललेला गर लाकडी बडगीत पडतो आणि मुसळीने ठेचला जातो. मिक्सर नाही, रवी नाही. भाजलेल्या हिरव्या मिरच्या आणि लसूण त्यातच ठेचायचा. नंतर कांद्याची पात, कोथिंबीर, आणि वरून तेलाची फोडणी, तिच्यात शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप. मालकाची आई कोणाच्या हातात मुसळी देत नव्हती. फक्त एकसष्ट नंबरला दिली, तीही आधी तिचं माहेर विचारून. माहेर निघालं न्हावी गावचं, म्हणजे हाकेच्या अंतरावर. मग दोघींचं आपसात जे सुरू झालं ते आम्हा अमळनेरवाल्यांना अर्धंच कळलं. आमची अहिराणी, त्यांची लेवा बोली. तापीचा एक पूल मधे, पण कान टवकारावा लागतो.

ग्रुपवरच्या एका भांडणाचंही सांगायला हवं. चौदा आणि तेहेतीस. निवडणुकीच्या वेळी एकाने काहीतरी फॉरवर्ड केलं, दुसऱ्याने उत्तर दिलं, रात्री दोनपर्यंत चाललं आणि सकाळी चौदा नंबर 'लेफ्ट'. पाच वर्षं अबोला. मालकाला हे काय माहीत? त्याने धट्टेकट्टे दिसले म्हणून नेमके हेच दोघं भाजायला उभे केले. एकाने पऱ्हाटी सारायची, दुसऱ्याने वांगी फिरवायची. आम्ही सगळे लांबून बघत होतो, आता मिटतं म्हणून. नाही मिटलं. तासभर एकमेकांशी एक अक्षर न बोलता दोघांनी बारा किलो वांगी भाजली, एकही कच्चं नाही, एकही जळलं नाही. जेवताना परत वेगवेगळ्या पंगतीत.

जेवण केळीच्या पानावर. भरीत, पुऱ्या, कळण्याची भाकरी, कढी-खिचडी, कच्चा कांदा, मुळा, ठेचा. कळणं म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेलं पीठ. भरिताबरोबर पुरीचा मान असला तरी माझं मत भाकरीला. पुरी तेल पिते, वर भरिताचं तेल, दोन घासांनंतर जीभ थकते. कळण्याची भाकरी खरपूस, किंचित चिकट, जणू भरीत उचलायलाच केलेली. भाकरी तव्यावरून पानात, मधे थांबा नाही. मी सव्वादोन खाल्ल्या, पाव शेजारणीने मागितली म्हणून.

भरिताबद्दल तक्रार एकच: तिखटाचा एकच प्रकार. चौतीसपैकी निम्म्यांना ॲसिडिटी, तिघांना मूळव्याध (हे त्यांनीच सांगितलं, आता आम्ही लपवत नाही). फोडणीआधी एक पातेलं बाजूला काढून कमी मिरचीचं केलं असतं तर काय बिघडलं असतं? मालकाच्या आईला म्हटलं तर म्हणाली, "मंग ते भरीत कशाले म्हणायचं?" तिचंही खरं. तुम्ही जाणार असाल तर फोनवर आधीच सांगा आणि मुलाशी बोला, आईशी नको.

आता उणं. संडास. मळ्याच्या टोकाला, बांधावरून जायचं, मी मोजली, एकशे चाळीस पावलं. देशी पद्धतीचा एकच. स्वच्छ होता, पाणी होतं, कडी होती. पण साठीच्या पुढच्या माणसांना उकिडवं बसता येत नाही आणि तेवढं चालेपर्यंत थांबताही येत नाही. सव्वीस नंबरने दुपारी एक वाजल्यापासून पाणीच पिणं सोडलं. एक खुर्चीचा कमोड आणून ठेवायला असा किती खर्च येतो? पुढच्या वर्षी वर्गणीतून आम्हीच घेऊन देऊ का, असं मी मालकाला विचारलं. तो लाजला आणि "बघतो ताई" म्हणाला. एक तारा इथे कापला.

खुर्च्या प्लास्टिकच्या, बिनहाताच्या. बसायला बऱ्या, उठताना धरायला काही नाही. अर्धा तारा.

स्पीकर होता. मालकाच्या पुतण्याने हौसेने लावलाही. आमच्यात दोघं कानाला मशीन लावतात. त्यांना गाणंही ऐकू येईना आणि माणूसही. बंद कर म्हटल्यावर त्याने तोंड पाडलं पण बंद केला. सोलतानाच्या गप्पा ऐकू आल्या त्या त्यामुळेच. स्पीकरबद्दल काही कापत नाही, सांगितल्यावर बंद करणारे दुर्मीळ.

रेंज. एकोणपन्नास नंबर न्यू जर्सीत लेकीकडे असते. आम्ही दुपारी साडेबाराला फोन करायचं ठरवलेलं, तिकडे रात्रीचे दोन. बिचारी जागी बसलेली. मळ्यात एक काडी येते, जाते. शेवटी तोच पुतण्या म्हणाला, पाण्याच्या टाकीवर चढलं की येतं. आम्ही कोण चढणार? माझा फोन घेऊन तोच चढला. फोन लागला. खालून आम्ही सगळे माना वर करून ओरडतोय, "अगं ऐकू येतंय का?" वरून त्याचंच बोलणं ऐकू येत होतं. त्याने तिला सातपुडा दाखवला, केळी दाखवल्या, धूर दाखवला. ती विचारत होती वांगी काय भाव, यंदा थंडी किती, हरभरा निघाला का. दहा मिनिटं दोघं बोलली. खाली उतरून म्हणाला, "मावशी म्हणतात, तुम्ही सगळ्या म्हाताऱ्या दिसता." नंतर तिचा मेसेज आला की त्या पोराशी बोलून जास्त बरं वाटलं, तुम्ही नुसत्या 'ऐकू येतंय का' विचारत राहिला असता.

एकूण पाचपैकी साडेतीन. गुडघे चालणारे असाल तर पाच धरा. राहायची सोय नाही, अंधार पडायच्या आत निघावं लागतं. मद्य चालत नाही, आणि त्याबाबतीत मालकाची आई मालकाहून कडक आहे. महिनाभर आधी तारीख घ्या, जानेवारीतले शनिवार-रविवार डिसेंबरातच भरतात. मी निघताना पुढच्या वर्षीचा दुसरा शनिवार सांगून ₹५०० हातावर ठेवून आले, आणि वांगी सोलायला लागतात हे त्याच दिवशी ग्रुपवर कळवलं. चौदा नंबर परत ग्रुपमध्ये आलाय. त्याने त्यावर अंगठा दाखवला. तेहेतीसने त्याच्या खाली काहीच दाखवलं नाही.

एक शेवटचं. उरलेलं भरीत ते बांधून देतात, पण पातळ पिशवीत. घरून स्टीलचा डबा न्या. आमची पिशवी चोपड्याच्या अलीकडे फुटली आणि सगळं तेल सत्तावन्नच्या पर्समध्ये, आधार कार्डासकट. कंडक्टरने मागितलंच तर हाताशी असावं म्हणून तिने ते वरच ठेवलं होतं. त्याने ते दोन बोटांत धरलं, हुंगलं, आणि विचारलं, "पुरीशी खाल्लं का भाकरीशी?"